कापडी टपाची आगोट

रविवारी सकाळी चेन्नईहून पुदुच्चेरीकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर गाड्यांची रीघ लागते. त्या रिघेत अधूनमधून एखादी उघड्या टपाची गाडी दिसते. पुढे नवरा-बायको, मागे मुले, सगळ्यांचे केस वाऱ्याने विस्कटलेले आणि चेहऱ्यावर सुटीचा आनंद. मुट्टुकाडूची खाडी मागे पडली की थोड्याच वेळात कोवलम येते. केरळातले प्रसिद्ध कोवलम ते वेगळे. हे कोवलम म्हणजे चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे, चेंगलपट्टू जिल्ह्यातले मासेमारांचे गाव. २०२१ साली येथील किनाऱ्याला स्वच्छतेबद्दल ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला. फळीवर उभे राहून लाटांवर घसरण्याचा खेळ शिकायला तरुण मंडळीही येथे येतात.

गाडी किनाऱ्याजवळ उभी राहते. मुले वाळूत धावतात, सुंडलच्या पुड्या फस्त होतात आणि मग समुद्रावरून काळा ढग चालून येतो. एकच धावपळ उडते. कापडी टप ओढून खटके लावले जातात, काचा वर होतात. पाच-दहा मिनिटे सगळे ठीक चालते. नंतर मागे बसलेली मुलगी म्हणते, “बाबा, माझ्या खांद्यावर पाणी पडतंय!”

बाबा वर बघतात. टपाला कोठेच भोक नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगते, “कापड गेलं आता, नवीन हूड घाला.” नव्या हूडच्या खर्चाचा आकडा ऐकून घरात वाद सुरू होतो. हौसेची गाडी घेतलीच कशाला, इथपासून आता ती विकूनच टाकू, इथपर्यंत गोष्ट जाते. खरे तर कापड पुष्कळदा शाबूत असते. बिघडलेले असते ते कापडाच्या आजूबाजूचे आणि वरवरचे काहीतरी, जे एका सकाळच्या कष्टात दुरुस्त होण्यासारखे असते. मात्र ती सकाळ पाऊस येण्याच्या आधीची असायला हवी.

आगोट कधी करायची?

कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मृग लागण्यापूर्वी घर शाकारायचे, कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, मसाले-पापड डब्यांत भरून ठेवायचे, या साऱ्या लगबगीला तिकडे आगोट म्हणतात. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढणाऱ्याला गाव हसते. कापडी टपाच्या गाडीलाही अशीच आगोट लागते.

पण मुंबई-पुण्याहून बदली होऊन चेन्नईला गेलेली मराठी मंडळी येथे नेमकी फसतात. सवयीप्रमाणे ती मे महिन्यात सगळी तयारी उरकतात. चेन्नईचा मोठा पाऊस मात्र जूनमध्ये येत नाही. तो येतो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. चेन्नईत वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत कोसळतो. मे महिन्यात टपावर चढवलेला पाणी झटकणारा लेप तोपर्यंत चार महिन्यांच्या उन्हात पार विरून गेलेला असतो. तेव्हा चेन्नईत पूर्ण आगोट करायची ती सप्टेंबरात. जून ते सप्टेंबर संध्याकाळच्या गडगडाटी सरी येतात, त्यांच्यासाठी मेअखेर नुसती धुलाई आणि तपासणी पुरे.

मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र मे महिनाच बरोबर. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथे मृगाची वाट पाहत बसणे महागात पडते.

मेणकापडापासून रबरापर्यंत

कापडाने पाणी अडवण्याची खटपट फार जुनी आहे. कोणी कापडावर मेण घासले, कोणी जवसाचे तेल पाजले. घरातल्या वस्तूंनी जमणारीही एक जुनी रीत आहे. कापड आधी साबणाच्या पाण्यात भिजवायचे आणि मग तुरटीच्या. साबण व तुरटी यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा एक चिकट पदार्थ तयार होतो आणि तो धाग्यांवर बसून पाणी झटकतो. तुरटी प्रत्येक घरात असते खरी, पण हा प्रयोग जाड सुती कापडावर करावा, मोटारीच्या टपावर मुळीच करू नये. त्याने डाग पडतात.

खरी क्रांती झाली १८२३ साली. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये पातळ केलेल्या रबराचा थर देऊन कापड चिकटवण्याचे पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटला त्यांचेच नाव पडले. त्यांचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती पुढे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी शोधली, तेव्हा तो दोष गेला. आपल्याकडे स्वदेशीच्या प्रेरणेने सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कोलकात्यात असेच कापड करायला सुरुवात केली. त्यांच्या ‘डकबॅक’ रेनकोटचा विशिष्ट वास कित्येक पिढ्यांच्या शाळेच्या आठवणींत भिनलेला आहे.

आज चांगल्या गाडीच्या टपाचे कापड याच तत्त्वावर बनते. त्याला तीन थर असतात. बाहेर रंगीत धाग्यांनी घट्ट विणलेले कापड, आत अस्तर आणि मध्ये रबर. पाणी अडवण्याचे काम मधले रबर करते. बाहेरच्या कापडाने फक्त पाणी झटकून टाकायचे असते. ही दोन कामे वेगवेगळी आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

जुन्या जीपची गोष्ट निराळी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपचा हूड म्हणजे बंद आणि बकलांनी बांधलेले साधे कॅनव्हास. पुढे रेक्झिनसारख्या, प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या कापडाचे हूड आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोघांपुरती छोटी गाडीही कापडी टपाचीच होती. २०२० साली नव्या रूपात आलेल्या थारमध्येही उघडझाप करता येणाऱ्या कापडी टपाचा प्रकार होता. या थारचे कोवलमच्या परिसराशी एक नातेही आहे. ती बनते नाशिकच्या कारखान्यात, पण तिच्या घडणीचे बरेचसे काम झाले ते चेंगलपट्टूजवळच्या महिंद्रच्या संशोधन केंद्रात.

म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आपला टप कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. बोट फिरवल्यावर विणीचे धागे जाणवले तर तो कापडी. गुळगुळीत, चामड्यासारखा लागला आणि ओल्या फडक्याने पुसताच स्वच्छ झाला तर तो प्लास्टिकचा मुलामा दिलेला. दुसऱ्या प्रकाराला पाणी झटकणाऱ्या फवाऱ्याची गरजच नसते. तो फवारा त्यात मुरत नाही, वर चिकट पापुद्रा मात्र धरतो. अशा टपाला हलकी धुलाई आणि उन्हापासून जपणारे, खास त्यासाठीच मिळणारे मलम पुरते.

अळवाच्या पानाची शिकवण

अळवावरचे पाणी आपण क्षणभंगुरतेच्या उपमेसाठी वापरतो. टपाच्या मालकाने त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावर पाण्याचा मोती होतो आणि जाता जाता धूळही घेऊन घरंगळतो. १९९७ साली विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी यामागचे गुपित सविस्तर मांडले. पानावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा लेप असतो. पाण्याला टेकायला जागाच सापडत नाही, म्हणून ते स्वतःला गोळा करून घेते.

नव्या टपावर असेच मोती दिसतात. ते दिसेनासे झाले आणि पाणी पडताच कापड काळपट ओले होऊ लागले की वरचा लेप गेला असे समजावे. याचा अर्थ लगेच गाडीत पाणी येईल असा नाही, कारण मधले रबर अजून पहारा देत असते. पण भिजलेले कापड जड होते, उशिरा वाळते, त्यात धूळ रुतते, शेवाळ व बुरशी धरते आणि शिवणीचे दोरे सतत ओलीत राहतात. धोका तेथून सुरू होतो.

पाण्याला मोती करण्याच्या या गुणाचा मोठा शत्रू म्हणजे साबण. साबण पाण्याचा ताण मोडतो, म्हणून तर कपड्यांत पाणी शिरून मळ निघतो. कपडे धुण्याची पावडर लावून टप घासला आणि पुरेसा खळबळला नाही, तर उरलेला साबण पाणी आत ओढून घेण्याचेच काम करतो. गाडी चकचकीत दिसते आणि पुढच्या सरीत कापड ढोपरभर पाण्यात बुडवल्यासारखे भिजते.

एक गोष्ट जुन्या जीपवाल्यांसाठी. छावणीच्या कॅनव्हासच्या तंबूला पावसात आतून बोट लावले की नेमक्या त्याच जागी ठिबकायला लागते, हे शिबिराला गेलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. एकेरी कॅनव्हासच्या हूडचेही तसेच आहे. पाऊस चालू असताना त्याला आतून हात किंवा सामान लागू देऊ नये. सुती कॅनव्हास नवे असेल तर एक-दोनदा पूर्ण भिजवून वाळवावे. ओले झाल्यावर धागे फुगतात आणि विणीतली भोके बुजत जातात.

पाणी शिरते कोठून?

आता त्या मुलीच्या खांद्यावर पडलेल्या थेंबाचा माग काढू. पाणी आत येण्याच्या जागा साधारणपणे चार.

पहिली जागा शिवण. मशीनच्या सुईने रबराच्या थरालाही ओळीने भोके पाडलेली असतात. नव्या टपात ती आतून पट्टी लावून बुजवलेली असतात. समुद्रकाठच्या कडक उन्हात आधी दोरा कुजतो आणि कापड त्यानंतर. म्हणून टपाच्या शिवणींवरून नखाने हलकेच घासून पाहावे. दोरा भुरभुरत असेल तर गाडीच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराकडून, शक्यतो जुन्याच भोकांतून, नव्या दोऱ्याने शिवण घालून घ्यावी. दोरा चांगला असेल पण थेंब झिरपत असेल, तर तंबूच्या शिवणी बुजवण्याचे पातळ द्रावण मिळते, ते बारीक ब्रशने शिवणीवर लावावे.

दुसरी जागा रबरी पट्ट्या. काचेच्या वर आणि दाराच्या कडेने असलेल्या या पट्ट्या उन्हाने कडक होतात, दबून चपट्या होतात. पट्टीवर खडू घासून दार लावावे आणि उघडून पाहावे. समोरच्या बाजूला खडूची रेघ अखंड उमटली तर पट्टी ठीक. मध्ये तुटली असेल तर तिथून पाणी येणारच. कागदाचा कपटा दारात धरून दार लावण्याचीही युक्ती आहे. कपटा अगदी सहज सरकून बाहेर आला तर दाब कमी आहे. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून त्यांना सिलिकॉनचे ग्रीस बोटाने पातळ लावावे. साधे ग्रीस, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावू नये. त्याने रबर फुगते व खराब होते.

तिसरी जागा सगळ्यांत दुर्लक्षित. टपाच्या मागच्या बाजूला, जिथे कापड गाडीच्या पत्र्याला भेटते, तिथे पन्हळीसारखी खोबण असते. टपावरचे पाणी त्या खोबणीत उतरते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांजवळ जमिनीवर पडते, अशी पुष्कळ गाड्यांची रचना असते. या नळ्यांची भोके पाने, वाळू आणि धुळीच्या चिखलाने तुंबतात. मग पन्हळ भरते आणि पाणी सरळ मागच्या आसनामागे उतरते. टपाला दोष नसताना पायाखालचे कार्पेट भिजते ते असे. कोवलमहून परतणाऱ्या गाडीत तर वाळू येणारच. नळी साफ करायला लोखंडी तार घालू नये, नळी फाटते किंवा आतल्या आत निसटते. जाड नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत घालावी आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते चाकाजवळ पडते का ते पाहावे.

चौथी जागा मागची खिडकी. काही गाड्यांत ती काचेची असते, काहींत मऊ प्लास्टिकची. प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते, घडीच्या रेघेवर तडकते. रात्रीच्या पावसात त्यातून मागचे काही दिसत नाही आणि हा धोका गळतीहून मोठा आहे. तडकलेले प्लास्टिक चिकटपट्टीने जोडत बसण्यापेक्षा कारागिराकडून तेवढा तुकडा बदलून घ्यावा.

नेमकी जागा सापडत नसेल तर घरातल्या दोघांनी मिळून शोध घ्यावा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी घालावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. वरून एकदम बादली ओतली तर पाणी सगळीकडून वाहते आणि चोर सापडत नाही. या कामात मुलांना घेतले तर ती आनंदाने हातभार लावतात.

एका सकाळचे काम

जागा सापडल्या, शिवणी आणि पट्ट्या नीट झाल्या की धुलाई. समुद्रकाठी तिचे महत्त्व दुप्पट. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ कापडात बसते आणि ते हवेतला दमटपणा शोषून घेत राहते, म्हणून कापड पुरते वाळतच नाही. वाळूचे कण घडीत सापडले की धागे कापतात. टपाच्या आतला लोखंडी सांगाडा गंजतो. किनाऱ्यावरून आल्यावर टप घडी करण्याआधी मऊ ब्रशने झाडून गोड्या पाण्याने निवळावा, एवढी एक सवय लावली तरी टपाचे आयुष्य वाढते.

आगोटीच्या धुलाईसाठी दोन-तीन बादल्या पाणी पुरते. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईने पाण्याची जी टंचाई पाहिली, ती आठवली तर नळी सोडून गाडी धुण्याचा मोह कोणालाही होऊ नये. बोअरचे पाणी फार क्षाराचे असेल तर कापडावर पांढरे डाग राहतात. तेव्हा शेवटची बादली तरी चांगल्या पाण्याची घ्यावी.

आधी कोरड्याच टपावरची धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावी. मग कोमट पाण्यात टपासाठी मिळणारा साबण किंवा अगदी थोडा सौम्य शाम्पू मिसळून, विणीच्या दिशेने हलक्या हाताने घासावे. गोल गोल रगडू नये, कापडाला लव सुटते. पक्ष्यांची घाण खरवडण्याऐवजी ओले फडके पाच मिनिटे ठेवून मऊ करावी. ब्लीच, पेट्रोल, थिनर यांना जवळ येऊ देऊ नये. सर्व्हिस सेंटरमधला जोरदार पाण्याचा फवाराही नको, तो शिवणीत घुसतो. शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने निवळावे आणि गाडी टप लावलेल्या अवस्थेत सावलीत वाळू द्यावी. कापड वरून वाळलेले दिसले तरी विणीत ओल असते. म्हणून फवारा दुसऱ्या दिवशी.

फवारा मारताना

कापडी टपासाठी असलेलाच फवारा घ्यावा. घराच्या गच्चीचे, बुटांचे किंवा ताडपत्रीचे द्रावण येथे कामाचे नाही. आधी टपाच्या कोपऱ्यात, सहज नजरेस न येणाऱ्या जागी थोडेसे लावून रंग बदलत नाही ना ते पाहावे.

काच आणि रंगवलेला पत्रा वर्तमानपत्र व कागदी चिकटपट्टीने झाकावा. काचेवर थेंब पडून वाळले तर रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात काच धूसर दिसते. काम सकाळी उरकावे. कोवलमसारख्या ठिकाणी दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, मग निम्मा फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर जातो आणि मिठाचा दमटपणा ओल्या लेपावर बसतो. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. दोन्ही पातळ. एकच जाड हात दिला तर कापडावर चट्टे पडतात. शिवणींवर थोडा अधिक द्यावा. नंतर डब्यावर लिहिले असेल तितका वेळ, साधारण एक दिवस, गाडी पावसात काढू नये आणि टपाची घडी करू नये.

आता एक गंभीर गोष्ट. हे फवारे बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये कधीही मारू नयेत. त्यातले बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात गेले तर जोराचा खोकला, धाप आणि फुप्फुसाला तीव्र इजा होऊ शकते. फवारा मारणाऱ्याने उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला चांगला मास्क बांधून काम करावे. मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे रोगी आणि पाळीव पक्षी यांना लांब ठेवावे. द्रावण पेटणारे असते, म्हणून जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती काही नको. गळतीचा शोध घेताना मुलांना सोबत घ्यावे, फवाऱ्याच्या वेळी मात्र घरात बसवावे.

अशा अनेक फवाऱ्यांत फ्लोरिनयुक्त रसायने असतात. त्यांतली काही निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. अशाच गटातील एक रसायन, पीएफओए, २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत घातले गेले. अलीकडे अशा रसायनांशिवाय बनवलेले फवारेही मिळू लागले आहेत. डबा घेताना त्यावरची बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

ओल्या टपाची घडी नको

एवढे सगळे केले आणि ओला टप घडी करून ठेवला, तर केलेले सर्व वाया जाते. दमट हवेत बंद घडीत एक-दोन दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. प्रवासात नाइलाजाने ओला टप घडी करावा लागलाच, तर घरी पोचताच तो पुन्हा लावून पूर्ण वाळू द्यावा.

पावसाळाभर उभ्या गाडीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कापडी टपाच्या गाडीला ती घातक. आतली वाफ बाहेर जात नाही आणि टप वाफवल्यासारखा ओला राहतो. हवा खेळती ठेवणारे कापडी आवरण घ्यावे किंवा नुसती शेड बरी. झाडाखाली उभी करायची तर डिंक गाळणारे झाड टाळावे.

आणि जिथे पाणी तुंबते अशा सखल जागी गाडी ठेवूच नये. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या वेळी चेन्नईत कित्येक गाड्यांत पाणी शिरले ते खालून. तिथे लोखंडी टपही कामाला आला नाही.

भिजलेले कार्पेट हा नुसता गैरसोयीचा विषय नाही. त्याखाली अनेक गाड्यांत विजेच्या तारांची जोडणी असते. पाणी साचले की आज दिवे, उद्या काचा, परवा आणखी काही बंद पडते. त्या ओलीमुळे रात्री काचा आतून धुरकट होतात. बुरशीच्या वासाने दमा असलेल्या मुलाला त्रास होतो. म्हणून कार्पेट ओले लागले तर वरून पुसून स्वस्थ बसू नये. ते उचलून खालचा फोमचा थर उन्हात पूर्ण वाळवावा.

तीन महिन्यांतून एकदा टपावर कपभर पाणी ओतून पाहावे. मोती झाले तर निश्चिंत राहावे. पाणी पसरून कापड काळे पडले तर पुन्हा फवाऱ्याची वेळ झाली. शिवणी, पट्ट्या आणि नळ्या दरवर्षी पावसाच्या आधी एकदा तपासाव्यात. हे सारे करूनही ठिबकत असेल, कापडाच्या घड्या पांढऱ्या पडल्या असतील आणि आतले रबर अस्तरापासून सुटून फुगे आले असतील, तर मात्र कापड खरोखरच गेले. मग फवाऱ्यावर फवारे मारत राहण्यात अर्थ नाही. नव्या हूडसाठी पैसे बाजूला टाकायला लागावे.

पण त्या मुलीच्या बाबांवर ती वेळ आलेली नसावी. त्यांनी दुसऱ्या दिवशी मागची पन्हळ चाचपून पाहावी. कोवलमची ओंजळभर वाळू आणि एखादे वाळके पान हाताला लागण्याचीच शक्यता अधिक.